स्वयंपाकघरातला धूर आणि नमुना कोड

मंडळी, औंढ्यात बसून तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं संगणकाच्या इतिहासावर बोलायचं म्हणजे धाडसच. म्हणून सुरुवात माझ्याच विषयापासून करतो.

न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव आहेत, त्यातला तिसरा उदाहरण. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. शतकानुशतकं हेच चाललं. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, “सर, आमच्याकडे गॅस आहे. धूर कुठंय?” नियम काही खोटा ठरला नाही, पण उदाहरण मात्र त्याचं उदाहरण राहिलं नाही. आणि विद्यार्थी नियमाआधी उदाहरणच पकडतो, बरं का.

प्रोग्रामिंगमध्ये या उदाहरणाला नमुना कोड म्हणतात. कर्निघन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक 1978 चं. भाषेचं प्रमाणीकरण होऊ लागलं तेव्हा 1988 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातले नमुने नव्या रूपात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म पसरला. तो ज्या वाटांनी शिरला त्यातली एक म्हणजे ‘गेट्स’ हे फंक्शन. जागा किती आहे हे न विचारता येईल तेवढा मजकूर आत घेणारं! ते सी भाषेच्या प्रमाणातून निघालं 2011 मध्ये.

वेबवर हेच पीएचपीच्या बाबतीत झालं. पीएचपी मुक्तस्रोत, शिकायला सोपी. डेटाबेसशी बोलायच्या जुन्या नमुन्यांत, पाहुण्यानं चौकटीत लिहिलेला मजकूर अनेकदा थेट आज्ञेत चिकटवलेला असे. नावाच्या जागी कुणी आज्ञाच लिहिली, तर डेटाबेस ती इमानेइतबारे पाळतो. आज्ञा आणि मजकूर वेगळे ठेवण्याची सोय पीएचपीत 2005 पर्यंत आलेली होती. जुनी फंक्शनं 2013 मध्ये नापसंत ठरवली गेली आणि डिसेंबर 2015 च्या 7.0 आवृत्तीत काढूनच टाकली. पण लोकांच्या वह्यांतून कोण काढणार? लोणावळ्याकडच्या माझ्या एका विद्यार्थ्यानं घरगुती निवासासाठी बुकिंगचं पान केलं होतं, असाच जुना नमुना उतरवून. पाहुण्यांची नावं, फोन नंबर, सगळं बाहेर गेलं. त्याला मूर्ख म्हणवत नाही मला. तो जे शिकला तेच त्यानं केलं.

पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प तुम्हाला माहीत असेल. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे दहाएक मिनिटांचे धडे, मराठीतूनही. इथं नमुना बदलणं फार महाग पडतं. एक ओळ बदलली की पडदा पुन्हा चित्रित करा, मग प्रत्येक भाषेतला आवाज पुन्हा भरा. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 ला संपला. त्यात ‘प्रिंट’ कंसाशिवाय चाले, पायथन 3 मध्ये चालत नाही. म्हणजे पहिल्याच धड्याची पहिलीच ओळ अडली!

आता, जुनं ते सगळं खोडा असं मी म्हणत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहिलंत? दगडी छताला लाकडी कमानी आहेत. भार काहीच पेलत नाहीत, लाकडी बांधकामाची ती आठवण आहे. राहू द्यात, त्यांनी कुणाचं घर पडत नाही. जुना कोडही वर्ष घालून इतिहास म्हणून ठेवावा, नवशिक्याच्या हातात देऊ नये. उलट काही उत्साही स्वयंसेवक नमुना इतका अद्ययावत करतात की मूळ मुद्दाच सापडत नाही. तेही वाईटच.

निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं मी स्वयंपाकघर काढून वीटभट्टीचं उदाहरण देत होतो. परीक्षेत निम्म्या मुलांनी स्वयंपाकघरच लिहिलं. गाईडात तेच होतं ना!