सारंगखेड्याचा घोडेबाजार
१२. सारंगखेड्याची यात्रा : तापीकाठचे सारंगखेडा आज नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. म्हणून लेखकाचा ‘धुळे जिल्हा’ हा उल्लेख तसाच ठेवला आहे. एकमुखी दत्ताच्या यात्रेत मार्गशीर्षात, दत्तजयंतीपासून, येथे घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी घोडे दूरदूरहून येतात आणि बरेचसे उघड्यावरच बांधलेले असतात. खानदेशात तेव्हा पारा कित्येकदा १० अंशांखाली उतरतो. थंडीत घोड्याच्या अंगावर दाट लव येते, पण ती कोरडी आणि मोकळी असली तरच ऊब धरते. म्हणून रोज खरारा करतात आणि घामेजलेले अंग आधी पुसून मगच झूल घालतात. वैरण मोठ्या आतड्यात आंबताना अंगात उष्णता निर्माण होते, त्यामुळे रात्रीची वैरण सढळ लागते. गार पाणी घोडा कमी पितो. पाणी कमी पडले की पोटशूळ उठतो आणि तो जिवावरही बेततो. बाजारातल्या देखण्या घोड्यांमागे मोतद्दारांची ही रात्रंदिवसाची राखण आहे. वाचकांनी तिचीही कदर करावी. — सं.