अठरा पूर्ण झाली, आता निघा



आज एका प्रश्नानं सुरुवात करते. अठराव्या वाढदिवशी सकाळी उठून लेकराला कुणी म्हणतं का, "तुझी अठरा भरली, आता तुझं सामान उचल आणि निघ"? आपल्याकडं पोरगं पुण्या-मुंबईला कामाला गेलं तरी दिवाळीला घरी येतं. काम सुटलं तर परत येऊन चार महिने घरचं खातं. लेक सासरी गेली तरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. वय कितीही होवो, दार उघडं असतं.

पण ज्या मुलांना सरकारनं सांभाळलं, त्यांचं काय? त्यांना वाढदिवसाची तारीख हीच घर सोडायची तारीख ठरते. ही गोष्ट अमेरिकेत सगळ्यात जास्त अभ्यासली गेली, म्हणून आज तिथला इतिहास सांगते. शेवटी आपल्या गावात परत येऊ, कारण तोच अठराचा आकडा आपल्याही सरकारी कागदात आहे.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहरात हजारो मुलं रस्त्यावर राहत होती. काही अनाथ होती. पण कित्येकांचे आईबाप जिवंत होते, फक्त पोटाला घालायला त्यांच्याकडं काही नव्हतं. चार्ल्स लोरिंग ब्रेस नावाच्या धर्मोपदेशकानं १८५३ मध्ये या मुलांसाठी संस्था काढली. शहरापेक्षा खेड्यातलं शेतकऱ्याचं घर बरं, असं त्याचं मत होतं. १८५४ मध्ये मुलांची पहिली तुकडी पश्चिमेकडं मिशिगन राज्यातल्या एका लहान गावी पाठवली. पुढं १९२९ पर्यंत अशा आगगाड्यांतून अंदाजे २ लाख मुलं गेली. 'अनाथांच्या आगगाड्या' म्हणून त्या आज ओळखल्या जातात.

गाडी थांबली की मुलांना चर्चमध्ये नाहीतर गावच्या सभागृहात ओळीनं उभं करायचे. शेतकरी यायचे, बघायचे आणि निवडायचे. कुणाला लेकरू हवं होतं, कुणाला शेतावर राबणारे हात हवे होते. काही मुलांना खरोखर आईबाप मिळाले, काहींना फक्त मालक मिळाला. बहीण एका घरी, भाऊ दुसऱ्या घरी, असंही झालं. परक्या घरात मूल वाढवायची जी पद्धत पुढं अमेरिकेत रुजली, तिची एक सुरुवात इथं आहे. तिला तिकडं फॉस्टर केअर म्हणतात. आपल्या सरकारी कागदात तिला प्रतिपालकत्व म्हणतात.

विसाव्या शतकात विचार बदलला. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मुलांच्या प्रश्नावर मोठी परिषद बोलावली. केवळ गरिबी आहे म्हणून मूल आईपासून तोडू नये, आणि तोडावंच लागलं तर मोठ्या अनाथालयापेक्षा कुटुंबात ठेवावं, असं तिथं ठरलं. हळूहळू अनाथालयं कमी झाली. मूल सांभाळणाऱ्या कुटुंबाला सरकार दरमहा पैसे देऊ लागलं. मारहाण, उपासमार, आईबापांची व्यसनं अशा कारणांनी न्यायालय मुलाला घरातून काढून दुसऱ्या घरी ठेवू लागलं.

पैसा सरकारचा आला, म्हणजे त्याला नियम आला. मूल लहान आहे तोवर पैसा. पण लहान कुठवर? १९७१ मध्ये अमेरिकेत मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. व्हिएतनामच्या लढाईवर अठराव्या वर्षी पाठवता, तर मत का देऊ देत नाही, असं तरुण विचारत होते, आणि त्यांचं बरोबर होतं. मग बहुतेक राज्यांनी सज्ञान होण्याचं वयही १८ केलं. ज्याला घर आहे त्याचं यात काही बिघडलं नाही. ज्याचं घर सरकारच्या पैशावर होतं, त्याच्यासाठी मात्र अठरा म्हणजे शेवटची तारीख झाली. कपडेलत्ते कचऱ्याच्या काळ्या प्लास्टिक पिशवीत भरून घराबाहेर पडलेली मुलं तिथं इतकी झाली, की ती पिशवी या मुलांची ओळखच बनली.

१९८० नंतर न्यूयॉर्कच्या बेघर निवाऱ्यांत तरुण चेहरे दिसू लागले. विचारपूस केली तर अनेकजण सरकारी देखरेखीतून बाहेर पडलेले. त्यांतल्या काहींनी सरकारला कोर्टात ओढलं. आम्हाला तयार न करता, राहायची सोय न बघता बाहेर का काढलं, हा त्यांचा सवाल होता. या मुलांना तयार करा आणि एकविसाव्या वर्षापर्यंत त्यांच्याकडं लक्ष ठेवा, असं कोर्टानं १९८६ मध्ये शहराला बजावलं.

त्याच वर्षी देशाच्या सरकारनंही या मुलांसाठी पहिल्यांदा वेगळा पैसा काढला. सोळा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवायचं, असा कार्यक्रम निघाला. बँकेत खातं कसं काढायचं, स्वयंपाक कसा करायचा, नोकरीचा अर्ज कसा भरायचा, भाड्याची खोली कशी शोधायची, हे सगळं शिकवायचे. पण एक अट होती. हा पैसा खोलीच्या भाड्याला आणि जेवणाखाण्याला वापरायचा नाही! स्वयंपाक शिकवला, पण चूल मांडायला जागा दिली नाही. ही चूक दुरुस्त व्हायला १९९९ साल उजाडलं. तेव्हाच्या कायद्यानं निधी दुप्पट करून वर्षाला १४ कोटी डॉलर केला, आणि त्यातला ३० टक्क्यांपर्यंत पैसा १८ ते २१ वयाच्या मुलांच्या राहण्याजेवणावर खर्च करायला परवानगी दिली.

तरी लोक म्हणायचेच, "ही पोरंच वाया गेलेली, त्यांना काय करणार?" हे खरं की खोटं, ते तपासायला मुलांच्या मागं वर्षानुवर्षं राहावं लागतं. ते काम मार्क कोर्टनी आणि एमी ड्वोर्स्की यांच्यासारख्या अभ्यासकांनी केलं. आयोवा, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या शेजारशेजारच्या तीन राज्यांतली, सरकारी देखरेखीत वाढलेली ७३२ मुलंमुली त्यांनी निवडली. २००२-०३ मध्ये ती सतरा-अठरा वर्षांची होती. तेव्हापासून ती सव्वीस वर्षांची होईपर्यंत त्यांना पाच वेळा गाठून विचारलं: कुठं राहता, काय खाता, कोण भेटतं?

उत्तर वाईट होतं. सव्वीस वर्षांची होईपर्यंत १०० पैकी ३१ ते ४६ जणांवर निदान एकदा तरी बेघर व्हायची पाळी आली होती. शिवाय आज या मित्राकडं, उद्या त्या ओळखीच्याकडं असे दिवस काढणारेही होते. कोण जास्त बेघर झालं? ज्यांना लहानपणी एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या घरात हलवलं होतं, ते. ज्यांनी मार खाल्ला होता, ते. जे सांभाळणाऱ्या घरातून पळाले होते, ते. ज्यांच्या मनाला आजार जडला होता, ते. मुलींपेक्षा मुलगे जास्त. म्हणजे "वाया गेली" म्हणण्याआधी त्यांना किती घरं बदलायला लावली, हे मोजायला हवं.

आता ही तीन राज्यं एकत्र घेण्यात एक फायदा होता. आयोवा आणि विस्कॉन्सिनमध्ये मुलं बहुधा अठराव्या वर्षी बाहेर पडायची. इलिनॉयमध्ये एकविसाव्या वर्षापर्यंत राहता यायचं. इलिनॉयची मुलं बेघर झाली, पण उशिरा झाली. एकवीसनंतर तीही रस्त्यावर दिसू लागली, आणि तेवीस-चोवीस वर्षांपर्यंत फरक बराचसा पुसला गेला. अभ्यासकांनी हे झाकून ठेवलं नाही. तीन वर्षं जास्त दिल्यानं संकट पुढं ढकललं गेलं, पण टळलं नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं.

मग ती तीन वर्षं वाया गेली का? नाही. विसाव्या वर्षी डोक्यावर छप्पर असणं म्हणजे कॉलेज चालू राहणं, रात्री सुरक्षित झोपणं. म्हणून २००८ मध्ये अमेरिकेनं कायदा केला, की राज्यांनी २१ वर्षांपर्यंत मुलांना ठेवलं तर केंद्र सरकार खर्चाचा वाटा उचलेल. मुलानं शिकत असावं, किंवा महिन्याला किमान ८० तास काम करावं, किंवा काम शिकत असावं, अशा अटी घातल्या. आजारी मुलाला अटीतून सूट दिली. कॅलिफोर्नियानं २०१२ पासून हे लागू केलं. तिथंही मुलांच्या मागं राहून अभ्यास झाला, आणि देखरेखीत काढलेल्या प्रत्येक जादा वर्षामागं बेघर होण्याची शक्यता कमी होते, असं दिसलं.

पण मला सगळ्यात लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. त्या तीन राज्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की ज्या मुलाला घरच्या निदान एका माणसाबद्दल मनापासून जवळीक वाटत होती, ते बेघर होण्याची शक्यता कमी होती. सरकारी पैशाला तारीख असते, मायेच्या माणसाला नसते. मैत्रिणींनो, आपल्या भाषेत याला माहेर म्हणतात. त्या मुलांना माहेर नव्हतं.

आता आपल्या गावात येऊ. आपल्याकडं बाल संगोपन योजना आहे. बाप गेलेली, आईबाप दोन्ही गेलेली, आजी-मामा-काकूकडं वाढणारी मुलं तिच्यात बसतात. महिना २,२५० रुपये मिळतात. मूल अठरा वर्षांचं झालं की ते थांबतात. बालगृहातली मुलंही अठराव्या वर्षी बाहेर पडतात. त्यांच्यासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या सांभाळाची तरतूद आहे. ती २१ वर्षांपर्यंत, आणि खास गरज असेल तर २३ पर्यंत मिळू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरले आहेत. २०१८ पासून महाराष्ट्रात अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षणही आहे.

पण ही मदत आपण होऊन दारात येत नाही. ती मागावी लागते, कागद लागतात, आणि अठराव्या वर्षी एकट्या पोराला कागद गोळा करणं जमत नाही. इथं आपला बचत गट उपयोगी पडू शकतो. गावात असं मूल सोळा-सतरा वर्षांचं असेल, तर वाढदिवसाची वाट बघू नका. जन्माचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला आणि आईबापांचा मृत्यूचा दाखला आत्ताच एका पिशवीत गोळा करून द्या. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात त्याच्याबरोबर एक बाई जा. पोरगं बालगृहातून सुटून गावात आलं असेल, तर त्याची विचारपूस करा. कुणी अठराच्या आतलं मूल अडचणीत दिसलं तर १०९८ या नंबरावर फोन करा.

आणि आणखी एक काम आहे, त्याला अर्ज लागत नाही. ते पोरगं शहरात कामाला जाताना त्याला सांगा, "दिवाळीला आमच्याकडं ये. काम सुटलं तरी ये." आणि खरंच दिवाळीच्या आधी फोन करा. कदाचित ते येणार नाही. पण आपल्याला जायला एक दार आहे, हे त्याला माहीत असेल.

पुढच्या बैठकीत आपल्या गावातल्या अशा मुलांची नावं आठवून बघा. वहीत लिहू नका, आपसात ठेवा. कोण कुणाकडं लक्ष देईल, तेवढं ठरवा.