दोन बोटे आणि डॉक्टरांची जातपंचायत

रुग्णालयातल्या पदाचा फायदा घेऊन तिथल्या स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे, मग तो बलात्काराच्या व्याख्येत बसत नसला तरी, हा गुन्हा आहे, असे दंडविधानात प्रथम १९८३ साली लिहिले गेले. कलम ३७६-ड. ही सुधारणा वैद्यक परिषदेने मागितलेली नव्हती. ती एका आदिवासी मजूर मुलीमुळे आली.

२६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले देसाईगंज पोलीस ठाणे. पुढे ‘मथुरा प्रकरण’ म्हणून देशभर गाजलेली घटना ती हीच. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता त्या मुलीची वैद्यकीय तपासणी झाली. वय चौदा ते सोळा, अंगावर जखमा नाहीत, योनीत दोन बोटे सहज जातात, असा अहवाल आला. सत्र न्यायालयाने तिला ‘संबंधांची सवय असलेली’ ठरवले आणि दोन्ही पोलीस सुटले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि कायदा बदलला.

बदललेल्या कायद्याने पोलीस, तुरुंग आणि रुग्णालय यांना एका ओळीत बसवले, कारण या तिन्ही ठिकाणी बाईचा देह दुसऱ्याच्या ताब्यात असतो. हे शहाणपण डॉक्टरांना बोचले असेल तर बोचू द्या. पण त्या दोन बोटांना कोणी हात लावला नाही. बाईच्या देहात बोटे घालून तिचे चारित्र्य मोजणे, याला ‘तपासणी’ हे नाव कायम राहिले. न्याय असाही आहे की, हे आतून बोलणारी माणसेही निघाली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी याविरुद्ध अहवाल लिहिला आणि २०१० च्या सुमारास प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला. अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले ते ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी. देसाईगंजपासून पन्नास वर्षांनी!

मग धंद्याची स्वतःची नीती काय म्हणत होती? २००२ च्या नियमावलीतले कलम ७.४ पाहा. रुग्णाशी ‘व्यभिचार’ वा अनुचित वर्तन केल्यास डॉक्टरवर शिस्तीची कारवाई. व्यभिचार! म्हणजे अपराध नवऱ्याचा आणि धंद्याच्या अब्रूचा. बाईची संमती, तिचे भय, तिची गरिबी यांना त्या शब्दात जागाच नाही. आणि न्याय देणार कोण? १९६५ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यक परिषद नव्याने घडली. तिच्यात डॉक्टरांनी निवडून दिलेले डॉक्टर बसतात. जातीचा न्याय जातीत करणारी पंचायत आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. तिची घडण ओळखायला आपल्याला पुस्तक लागत नाही.

कोल्हापूरला दुसरी रीत माहीत आहे. जानेवारी १९१९ मध्ये शाहू महाराजांनी हुकूम काढला, की दरबारच्या नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना समतेने वागवणे ज्या अधिकाऱ्याला मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. त्याला पेन्शन मिळणार नाही. अधिकाऱ्यांची समिती नेमून त्यांचे मत त्यांनी मागवले नाही.

आज गगनबावड्याच्या बाईला परिषदेकडे दाद मागायची तर फाइल मुंबईला जाते. तिथे निकाल विरुद्ध गेला तर पूर्वीच्या नियमांप्रमाणे नाराज झालेल्या कोणालाही दिल्लीकडे अपील करता येत असे. २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा आला. त्याच्या कलम ३० ने अपिलाचा हक्क डॉक्टरच्या नावे लिहून दिला आहे. रुग्णाचे नाव त्या ओळीत नाही.