मस्कत–झांजिबार वारसातंटा

ओमानच्या आल बू सईद घराण्यातील सय्यद सईद बिन सुलतान १८५६ मध्ये वारल्यावर त्याच्या मुलांमध्ये पेटलेली आणि राज्याच्या कायमच्या वाटणीपर्यंत गेलेली भाऊबंदकी. तंट्याची रणभूमी अरबस्तानात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असली, तरी त्याची सूत्रे बव्हंशी मुंबईतून हलत होती. म्हणून मुंबई इलाख्याच्या इतिहासातही त्याला जागा आहे.

पार्श्वभूमी : उत्तर कोकणाला ओमानी अरब नवखे नव्हते. १६५० मध्ये त्यांनी पोर्तुगीजांना मस्कतमधून हुसकावले आणि १६७४ मध्ये थेट वसईला उतरून तटाबाहेरची चर्चे लुटली. कल्याण-भिवंडीच्या खाडीपट्ट्याचा अरबी समुद्रापलीकडचा व्यापार त्याहून कितीतरी जुना. भिवंडीतल्या कोकणी मुसलमान वस्तीच्या घडणीत या दर्यावर्दी संबंधांचा वाटा आहे. 

ईस्ट इंडिया कंपनीने फ्रेंच आणि डचांना दूर ठेवण्यासाठी १७९८ मध्ये मस्कतशी कौलनामा केला. १८०६ मध्ये बद्र बिन सैफ या नातलगाचा काटा काढून सईदने सत्ता हाती घेतली, ती पन्नास वर्षे टिकवली. या काळात मुंबई त्याची जणू गोदीच होती. १८२६ मध्ये येथे बांधलेले ७४ तोफांचे ‘लिव्हरपूल’ हे जहाज त्याने पुढे इंग्लंडच्या राजाला नजर केले आणि ब्रिटिश नौदलाने त्याचे नाव ‘इमाम’ ठेवले. माझगावात बांधलेले ‘सुलताना’ १८४० मध्ये न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आले. त्याच सुमारास सईदने राजधानी झांजिबारला हलवली. लवंगांच्या बागा, हस्तिदंत आणि गुलामांचा व्यापार यांमुळे पैसा तिकडे होता. तिथल्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. ही मंडळी ब्रिटिश प्रजा गणली जात, त्यामुळे त्यांच्या पैशाची काळजी आपोआपच ब्रिटिश सरकारची झाली.

तंटा : थोरल्या मुलाने गादीवर बसावे असा दंडक ओमानात नव्हता. तिथल्या इबादी पंथाच्या परंपरेत इमाम निवडला जाई. व्यवहारात ज्याच्या हाती किल्ला आणि टोळ्या, त्याची सत्ता. बाप समुद्रप्रवासात वारला तेव्हा मुलांपैकी थुवैनी मस्कतला, तुर्की सोहारला आणि माजिद झांजिबारला होता. बर्घश बापासोबत त्याच जहाजावर होता. झांजिबारला पोहोचताच त्याने प्रेताचे दफन गुपचूप उरकून किल्ला बळकावण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला.

माजिदने मस्कतला दरसाल ४०,००० रियाल द्यायचे कबूल केले होते. ही खंडणी की भावाला दिलेली मदत, हा प्रश्न कोणीच सोडवला नाही आणि भांडण तिथेच अडले. १८५९ मध्ये थुवैनी आरमार घेऊन झांजिबारवर निघाला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्याला वाटेतच अडवून परत पाठवले. इराणी आखातातला ब्रिटिश रेसिडेंट तेव्हा मुंबई सरकारला जबाबदार होता आणि हिंदी नौदलाचे ठाणेही मुंबईतच होते, त्यामुळे हे शक्य झाले. राघोबादादांशी १७७५ मध्ये सुरतेचा तह करणारे सरकारही मुंबईचेच. दुसऱ्याच्या घरातली भाऊबंदकी हाताळण्याचा सराव त्याला जुना होता. पेशव्यांच्या बाबतीत तो अंगाशी आला, येथे आला नाही.

बर्घश मुंबईत : १८५९ मध्येच बर्घशने माजिदविरुद्ध दुसरा उठाव केला. बहीण सालमे तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती लिहायला शिकलेली असल्याने कटाची पत्रे तीच लिही. माजिदच्या शिपायांनी घर वेढले असता बहिणींनी बर्घशला बायकी शेल्यात गुंडाळून, बायकांच्या घोळक्यातून बाहेर काढले, असे तिने १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत सांगितले आहे. ब्रिटिश युद्धनौकांच्या मदतीने उठाव मोडला आणि बर्घशची रवानगी मुंबईला झाली. १८६१ पर्यंत तो येथे होता. रेल्वे सुरू होऊन सहा-सात वर्षे झाली होती आणि विहार तलावाचे पाणी नळाने शहरात येऊ लागले ते याच सुमारास. पुढे १८७० मध्ये माजिदनंतर तो सुलतान झाला आणि झांजिबार शहराला नळाचे पाणी त्यानेच दिले. दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह आवरत नाही.

कॅनिंग निवाडा : मुंबई सरकारने एडनचे रेसिडेंट ब्रिगेडियर विल्यम कॉगलन यांना चौकशीसाठी नेमले; अरबी जाणणारे पाद्री जॉर्ज बॅजर त्यांच्यासोबत होते. त्यांच्या अहवालावरून गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी २ एप्रिल १८६१ रोजी निवाडा दिला. झांजिबार मस्कतपासून वेगळे झाले. माजिदने दरसाल ४०,००० रियाल आणि थकलेल्या दोन वर्षांचे ८०,००० द्यायचे, पण ही रक्कम मांडलिकत्वाची खूण नसून दोन असमान वाट्यांची भरपाई आहे, असे स्पष्ट केले गेले. भावांचे समाधान करण्यापेक्षा हिंदी महासागरातले एक बलाढ्य अरब राज्य दोन दुबळ्या राज्यांत मोडणे हाच या कागदाचा खरा परिणाम होता. १८६२ मध्ये इंग्लंड-फ्रान्सने दोघांच्या स्वातंत्र्याची संयुक्त हमी दिली.

नंतरचा घटनाक्रम : १८६६ मध्ये थुवैनीचा त्याच्याच मुलाने, सालिमने, सोहारला खून केला. पितृघातक्याला मान्यता द्यावी की नाही यावर मुंबई सरकार घुटमळले आणि अखेर दिली. माजिदने मात्र हे निमित्त साधून पैसे थांबवले. १८६८ मध्ये घराण्याच्या दुसऱ्या शाखेतल्या अझ्झान बिन कैसने सालिमला हाकलले. तुर्की त्या वेळी सरकारी तनखा घेऊन मुंबईत बसला होता. तेथून निघून त्याने १८७१ मध्ये मत्रह येथील लढाईत अझ्झानला संपवले व मस्कतची गादी मिळवली. मुंबई ही अशा राजपुत्रांची नुसती कैदखान्याची जागा नव्हती. उद्या लागतील म्हणून जपून ठेवलेले वारस येथे असत.

१८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी तुर्कीकडून गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह करून घेतला, तर बर्घशने नाकेबंदीच्या धमकीनंतर सही केली. झांजिबारची रक्कम आता हिंदुस्थान सरकार स्वतः मस्कतला देऊ लागले : रियालला सुमारे दोन रुपये अडीच आणे या भावाने वर्षाला ८६,४०० रुपये. भावाचे देणे परक्याच्या तिजोरीतून येऊ लागले आणि सुलतानाच्या वागणुकीवर ते अवलंबून राहिले. याच वर्षी आखातातील रेसिडेन्सी मुंबईकडून हिंदुस्थान सरकारकडे गेली.

घराण्याचा मुंबईशी संबंध मात्र तुटला नाही. तुर्कीचा नातू तैमूर बिन फैसल याने १९३२ मध्ये गादी सोडली. १९६५ मध्ये तो मुंबईतच वारला.