किरणांच्या आधी एक तास

हमालांची संघटना चालवणाऱ्या माणसाने किरणोत्सर्गाविषयी का बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. माझे शिक्षण आडतीवर झाले. पण चहाशी माझा संबंध जुना आहे, आणि आजची गोष्ट चहातल्याच एका द्रव्याची आहे.

१९९९ साली मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील के. सी. जॉर्ज, पी. सी. केशवन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गॅमा किरणांचा ७.५ ग्रे मारा सोसून एकही उंदीर जगला नाही. दुसऱ्या गटाला तोच मारा करण्याच्या एक तास आधी कॅफीन दिले होते. त्यांतले शेकडा ७० जगले. (म्हणून कोणी किटली रिकामी करू नये. त्या प्रमाणात माणसाला शंभरावर कप लागतील, आणि तेच जिवावर बेतेल.)

ही वाट पन्नास वर्षे जुनी होती. १९४९ साली अमेरिकेत हार्वे पॅट यांनी सिस्टीन हे गंधकयुक्त द्रव्य आधी देऊन उंदीर वाचवले होते. किरण शरीरातले पाणी फोडतात; त्यातून सुटलेले उपद्रवी कण पेशींवर तुटून पडतात. औषध मध्ये उभे राहून तो घाव स्वतःवर घेते. मात्र किरण पडून गेल्यावर तेच सिस्टीन दिले, तर उपयोग शून्य.

पुढे अमेरिकी सैन्याने चार हजारांवर संयुगे तपासली. त्यांतून अमिफॉस्टीन निघाले. तोंड-गळ्याच्या कर्करोगात किरणोपचाराने लाळ सुकते, ती कमी सुकावी म्हणून ते आधी शिरेतून देतात. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या मुलखात ही लहान गोष्ट नव्हे. ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो, तरी ते सोसण्याजोगे असते, कारण रोग्याला किरणांची वेळ ठाऊक असते.

कामगाराला ती कोण सांगतो? एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-६० असलेले जुने यंत्र भंगारात आले. मजुरांनी ते उघडले. काही आजारी पडले, एक दगावला. आत काय आहे हे त्यांना एक तास आधी कळले असते, तर कोणत्याच औषधाची गरज नव्हती.

किरणोत्सर्गाचे तीन पात्यांचे चिन्ह कागदावर काढून मी नांदेड-लातूरच्या भंगारवाल्यांना दाखवत असतो. बहुतेकांना ते पंख्याचे चित्र वाटते.