इलेक्ट्रॉनचा सेतू

अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये दीसबाख नावाच्या रंग बनवणाऱ्याच्या हातून एक गडद निळा रंग तयार झाला. तोच पुढे ‘प्रशियन ब्लू’ म्हणून जगभर गेला. त्यात लोहाचे अणू दोन प्रकारचे असतात: काहींनी दोन इलेक्ट्रॉन गमावलेले, काहींनी तीन. दोहोंच्या मध्ये सायनाइड. त्याच्या कार्बनने एक लोह धरलेले, नायट्रोजनने दुसरे. प्रकाशातला नारिंगी-तांबडा भाग शोषला की इलेक्ट्रॉन एका लोहाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि डोळ्यांना रंग निळा दिसतो. चित्रकारांनी हा सेतू दोनशेहून अधिक वर्षे वापरला. त्यावरून काय जाते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते.

1893मध्ये आल्फ्रेड वेर्नरने धातूभोवती रेणू आणि आयन ठरावीक संख्येने, ठरावीक दिशांना बांधलेले असतात हे मांडले. या बांधलेल्या घटकांना आज आपण लिगँड म्हणतो, आणि धातू व त्याचे लिगँड मिळून होणाऱ्या समूहाला संकुल. दोन कोबाल्ट अणूंना जोडणारे हायड्रॉक्साइडचे पूलही वेर्नरने ओळखले होते. म्हणजे पुलाची रचना माहीत झाली, पण वाहतूक अजून दिसली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सारी समस्थानिक हाती आले आणि द्रावणातली इलेक्ट्रॉनची देवघेव मोजता येऊ लागली. दोन शक्यता होत्या. दोन्ही संकुले आपापले कवच शाबूत ठेवतात आणि इलेक्ट्रॉन मधले अंतर ओलांडतो. किंवा एखादा लिगँड क्षणभर दोन्ही धातूंना बांधला जातो आणि इलेक्ट्रॉन त्याच्यामार्फत जातो. निवाडा करणे अवघड होते. बहुतेक धातू पाण्यात आपले शेजारी भराभर बदलतात, त्यामुळे मागे खूण उरत नाही.

शिकागो विद्यापीठातल्या हेन्री टाउबेने खूण टिकवणारी जोडी शोधली. कोणती संकुले लिगँड सहज सोडतात आणि कोणती घट्ट धरतात, याचा संबंध त्याने 1952मध्ये धातूच्या इलेक्ट्रॉन-रचनेशी जोडला होता. तीन इलेक्ट्रॉन गमावलेले कोबाल्ट आणि क्रोमियम, म्हणजे कोबाल्ट(III) आणि क्रोमियम(III), लिगँड सहजी सोडत नाहीत. दोन गमावलेले लगेच सोडतात. 1953मध्ये मायर्स आणि रिच या सहकाऱ्यांसह त्याने पाच अमोनिया आणि एक क्लोराइड बांधलेल्या कोबाल्ट(III)वर क्रोमियम(II)ची अभिक्रिया केली. शेवटी क्लोराइड क्रोमियमला चिकटलेला मिळाला. द्रावणात किरणोत्सारी क्लोराइड मिसळून पाहिला, तर तो उत्पादनात जवळजवळ आलाच नाही. क्लोराइड बाहेरून आला नव्हता, कोबाल्टकडूनच आला होता. म्हणजे इलेक्ट्रॉन गेला तेव्हा क्लोराइड दोन्ही धातूंना बांधलेला होता. इलेक्ट्रॉन मिळताच कोबाल्टची पकड सुटली आणि क्रोमियमची घट्ट झाली.

वेगाचा पुरावाही तितकाच बोलका आहे. कोबाल्टवर सहाही अमोनिया असतील तर दुसऱ्या धातूला देण्याजोगी इलेक्ट्रॉनची जोडी कोणाकडेच उरत नाही, आणि अभिक्रिया अत्यंत संथ चालते. त्यातला एक अमोनिया काढून क्लोराइड बसवला की वेग अब्जावधी पटींनी वाढतो.

क्लोराइडचा पूल काम झाले की मोडतो. न मोडणारा पूल 1969मध्ये स्टॅनफर्डला तयार झाला. टाउबेची विद्यार्थिनी कॅरोल क्रॉइट्झ हिने पायराझिनच्या वलयाने दोन रुथेनियम जोडले आणि त्यांच्यात मिळून एक इलेक्ट्रॉन कमी ठेवला. मग एक रुथेनियम +2 आणि दुसरा +3, की दोघेही +2.5? यावर अनेक वर्षे वाद झाला. बराचसा पुरावा इलेक्ट्रॉन दोघांवर पसरलेला असल्याकडे झुकतो. प्रशियन ब्लूमध्ये मात्र तो मुख्यतः एकाच लोहाजवळ राहतो आणि प्रकाशाने हलतो. मिश्र संयुजेच्या, म्हणजे एकाच धातूच्या अणूंनी कमी-जास्त इलेक्ट्रॉन गमावलेल्या, पदार्थांची अशी वर्गवारी रॉबिन आणि डे यांनी 1967मध्येच केली होती.

1983चे रसायनशास्त्राचे नोबेल टाउबेला मिळाले. दोन धातू तेच ठेवून मधला लिगँड बदलला तर इलेक्ट्रॉनचा वेगच नव्हे, त्याचे राहण्याचे ठिकाणही बदलते, हे या प्रवासाने दाखवले. म्हणून रेणूंमधून इलेक्ट्रॉन वाहून नेऊ पाहणाऱ्या आजच्या रसायनशास्त्रज्ञाला धातूंइतकाच विचार मधल्या लिगँडचाही करावा लागतो.