रात्रीची पाळी कोणाची? गावपहाऱ्याची गोष्ट



दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडई भरते, नाटकं लागतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगावी जातात, खेळ रात्रभर चालतो आणि घरची लहानमोठी सगळी मंडपात असतात. तशाच एका रात्री आमच्या एका गटातल्या ताईंच्या घराचं कुलूप तुटलं. दागिने गेले आणि गटाची पेटीही गेली. पेटीत त्या महिन्याची बचत होती, कर्जाच्या परतफेडीचे पैसे होते. पैसे सगळ्यांचे, पण मान खाली घालून बसल्या त्या एकट्या ताई.

सकाळी गावातली पोरं काठ्या घेऊन निघाली ती थेट गावाबाहेर पाल टाकून राहिलेल्या एका कुटुंबाकडे. पुरावा काहीच नव्हता, ती माणसं परगावची एवढंच. दोन म्हाताऱ्या बाया मधे उभ्या राहिल्या, पोलीस पाटील धावत आले, म्हणून हात उठायचे थांबले. त्या कुटुंबाचा चोरीशी काही संबंध नव्हता, हे पुढे कळलं.

त्यानंतर गटांच्या बैठकीत आम्ही एकच विषय घेतला. गावाचा पहारा कोणी करायचा, आणि कसा? उत्तर शोधायला आम्हाला बरंच मागं जावं लागलं.

जुन्या मराठी मुलखात गावाला जागल्या असायचा. काही भागांत हे काम रामोशांकडे होतं, बऱ्याच गावांत महारांकडे. रात्री गस्त घालायची, परका माणूस आला तर पाटलाला सांगायचं, चोरी झाली तर पावलांचा माग काढायचा. माग पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवला की तिथला जागल्या तो पुढे न्यायचा. ज्या गावात माग संपला, त्या गावानं भरपाई द्यायची अशी रीत होती. आपला चांदा जिल्हा इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात होता. इथं हे काम कोतवालाकडे असायचं. गावातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं, जन्म-मृत्यू कळवणं, हेही त्याच्याच माथी.

ऐकायला ही व्यवस्था चांगली वाटते. पण रात्रभर जागणाऱ्याला गावानं काय दिलं? थोडं धान्य, थोडी जमीन, आणि शिवाशीव. गावाचं रक्षण करणाऱ्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं, ते याच वेठीविरुद्ध. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं संपायला १९५८ साल उजाडलं. पहाऱ्याचं ओझं एकाच समाजावर टाकलं की तो पहारा राहत नाही, ती वेठबिगारी होते.

दुसरा अन्याय याच्या उलट दिशेचा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानंच माणूस चोर ठरला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, पण डोक्यातला संशय गेला नाही. आपली पोरं त्या पालाकडे वळली, ती याच जुन्या संशयापायी.

हा संशय कुठवर जातो, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार केलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे होते. १६ एप्रिल २०२०ला पालघरच्या गडचिंचले इथं चोरांच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक मारले गेले. गाव जागं होतं, पण त्या जागेपणाला नियम नव्हता.

मग पहारा नकोच का? तसं नाही. पोलीस कायद्यात ग्रामसुरक्षा दलाची तरतूद जुनीच आहे. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं पोलीस पाटील नेमले जातात, आणि आज कितीतरी गावांत पोलीस पाटील बाई आहे.

आणि पहारा आपल्या बायांना नवा नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, ती लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यामुळे. चंद्रपूरच्या बायांनी २०१० साली दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा नेला. २०१५ साली तिथं बंदी आली, २०२१ साली उठली. पण गावात दारू कुठून येते, कोणाच्या घरी उतरते, हे बायांनी नजर ठेवून शोधलं, ठाण्याला कळवलं. २०१६ साली राज्यानं बेकायदा दारू रोखायला ग्रामरक्षक दलाचा कायदा केला, त्याच्या किती आधीपासून आपल्या बाया हे करत होत्या!

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव तर साऱ्यांना ठाऊक आहे. तिथं ग्रामसभेत सगळ्यांच्या संमतीनं निर्णय होतात, आणि गावानं आपलं जंगल आपणच राखलं. सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क त्यांना २००९ साली मिळाला. नियम सगळ्यांनी मिळून केला की तो पाळायला बाहेरचा माणूस लागत नाही. जंगल राखायला हे चाललं, तर घरं राखायलाही चालेल, असं आम्हाला वाटतं.

म्हणून आमच्या गटांनी काय ठरवलं, ते सांगतो. पाळी घराप्रमाणे, मोहल्ल्याप्रमाणे नाही. पाटलाचं घर असो की मजुराचं, पाळी चुकणार नाही. ज्या घरी एकटी बाई आहे, तिच्यावर रात्रीची सक्ती नाही, तिनं दिवसाची पाळी घ्यावी. दिवसाचीही पाळी लागतेच. मोहफुलं वेचायच्या दिवसांत आणि तेंदूच्या हंगामात पहाटेच गाव रिकामं होतं, तेव्हा दोन घरं गावात थांबतात. आपल्याकडे वाघ-अस्वलाचं भय आहे, म्हणून रात्री शिवेवर कोणी जायचं नाही. गल्लीतच फिरायचं, चौघांनी मिळून, टॉर्च आणि शिट्टी घेऊन.

परका माणूस दिसला तर हात लावायचा नाही. नाव-गाव विचारायचं, पोलीस पाटलांना बोलवायचं, ११२ वर फोन करायचा. रेंज नसेल तर कोणत्या घराच्या माळवदावर किंवा टेकाडावर फोन लागतो, ते आधीच ठरवून ठेवायचं. डोळ्यादेखत चोरी करताना कोणी सापडला, तर त्याला धरता येतं, पण नव्या कायद्याप्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. मारायचा अधिकार कोणालाच नाही. व्हॉट्सअॅपवर आलेली चोरांची बातमी ठाण्यात विचारल्याशिवाय पुढे पाठवायची नाही.

आणि गटाची पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे. बैठकीचे पैसे दुसऱ्याच दिवशी बँकेत.

त्या ताईंचे पैसे परत मिळाले नाहीत. गटानं तो तोटा सगळ्यांत वाटून घेतला, दर महिन्याला थोडा थोडा. पहिल्या पाळीच्या रात्री त्याच ताई शिट्टी घेऊन सगळ्यांच्या पुढे होत्या. पुढच्या मंडईला पालवाली माणसं परत आली, तेव्हा पहारेकरी त्यांच्याकडे गेले. नावं लिहून घेतली, आणि सांगितलं, रात्री काही दिसलं तर आम्हाला हाक मारा.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, ताईंनो. तुमच्या गावात आज रात्री पाळी कोणाची आहे?